अकिनीला उठवलं कोणी

“तिला उठवलं कोणी?”

मंगळवारी सकाळी सव्वाआठला हा प्रश्न टेबलाच्या मधोमध ठेवलेल्या स्पीकरफोनमधून आला आणि बेगलला चीज लावता लावता माझा हात थांबला. विचारणारी मुलगी केनियात, किसुमूजवळच्या एका शाळेत होती. तिथे दुपारचे सव्वातीन वाजले होते. आणि मी न्यू जर्सीत, वेस्ट विंडसरपासून दहा मिनिटांवरच्या एका ऑफिस पार्कात, डेंटिस्ट आणि इन्शुरन्सवाल्याच्या मधल्या जागेत बसले होते. आमचा अ‍ॅनिमेशन स्टुडिओ म्हणजे सात माणसं आणि एक सतत अडणारा प्रिंटर. नाश्त्याच्या सीरिअलच्या जाहिराती करतो, गुडघ्याचं ऑपरेशन कसं होतं ते दाखवणाऱ्या फिल्म्स करतो, आणि वर्षातून एखादं पुण्यकर्म. यंदाचं पुण्यकर्म हे: त्या शाळेतल्या मुलांनी मलेरियावर एक गोष्ट रचली, तिची एक्केचाळीस चित्रं काढली, खडूनं, बॉलपेननं, काही तर चक्क कोळशानं, आणि न्यूयॉर्कच्या एका संस्थेनं ती आमच्याकडे पाठवली, की यांना जिवंत करा. पाच मिनिटांची फिल्म. पंचवीस एप्रिलला, आफ्रिका मलेरिया दिनापासून, व्हॅनवर पडदा बांधून ती गावोगावच्या शाळांत दाखवायची, म्हणजे पोरं घरी जाऊन आईबापांच्या मागे लागतील. २००७ सालचा एप्रिल नुकताच लागला होता, आणि तेरा तारखेला आमच्याकडून फिल्म जायची होती. त्याआधी कच्ची प्रत मुलांना दाखवली होती आणि मुलं काय म्हणतात ते ऐकायला हा फोन होता. चित्रकलेचे ओटिएनो सर तिकडून सगळं छान छान सांगत होते. डास बघून मुलं हसली. गाणं पाठ झालं. शेवटी टाळ्या पडल्या. आमचा मालक ग्रेग फोनकडे बघून अंगठा वर करत होता, जसं काही फोनला ते दिसतंय. आणि मग ही मुलगी. “मी अचिएंग. गोष्ट माझी आहे. शेवटी ती उठते. तिला उठवलं कोणी? माझी बहीण नाही उठली.”

“ग्रेट क्वेश्चन!” ग्रेग म्हणाला आणि पिवळ्या पॅडवर त्यानं काहीतरी खरडलं. या देशात वाईट प्रश्न नावाची चीजच नाही. आम्ही बघून कळवतो, थँक यू, बाय बाय, असं होऊन फोन बंद झाला आणि माणसं आपापल्या खुर्च्यांकडे गेली. माझ्याकडे कोणी बघितलंसुद्धा नाही. बघतील कशाला? तिला मी उठवलंय हे माझ्याशिवाय कोणाला माहीतच नव्हतं. मी बेगल पूर्ण खाल्लं. खाल्लं म्हणजे गिळलं.

तर गोष्ट अशी होती. अकिनी पाच वर्षांची. दवाखान्यातून घरात नवी कोरी मच्छरदाणी येते, निळी. आई ती पेटीत ठेवते, पाहुणे आले की काढू म्हणून. अकिनीला ताप भरतो. आई वाट बघते. शेवटचं चित्र, नंबर एक्केचाळीस, अचिएंगनं बॉलपेननं काढलेलं: जमिनीवर चटई, चटईवर कोणी नाही, आणि वर ती मच्छरदाणी, आता बांधलेली. बस. सोळासतरा वर्षांच्या पोरीला हे सुचलं. सुचलं म्हणजे काय, दिसलं होतं. ते चित्र माझ्या टेबलावर फेब्रुवारीपासून होतं. आणि मी काय केलं, तर मच्छरदाणीच्या आत अकिनीला ठेवलं. ती डोळे उघडते, एक कोपर टेकवते, मनगटाच्या मागच्या बाजूनं डोळा चोळते आणि उठून बसते. बाहेर ऊन. सहा सेकंद, सेकंदाला बारा या हिशेबानं बहात्तर चित्रं, आणि त्या वर्षातलं माझं सगळ्यात चांगलं काम. ग्रेग म्हणाला, नाऊ दॅट्स अ‍ॅन एंडिंग. संस्थेच्या बाईंनी डोळे पुसले म्हणे. मुलांचं एक्केचाळीस आणि माझं एक्केचाळीस शेजारी शेजारी ठेवून कोणीही बघितलं नाही, कारण मुलांचं मी गठ्ठ्याच्या तळाशी घातलं होतं. चुकून नाही. मुद्दाम, दोन्ही हातांनी.

का केलंस बाई हे, असं मला कोणी विचारलं असतं तर मी फाडकन सांगितलं असतं, लहान मुलांची फिल्म आहे, मेलेलं मूल कसं दाखवायचं? मी तोंडाची फटकळ आहे, उत्तर माझ्याकडे तयार असतं. पण खरं तसं काही ठरवून झालंच नव्हतं. ते चित्र समोर घेऊन बसले आणि हातच चालेना. आमच्या घरात असलं काही काढायची, बोलायची पद्धतच नव्हती. आई कायम म्हणायची, अभद्र बोलू नये. कुंकू संपलं म्हणायचं नाही, वाढलं म्हणायचं. घरातून निघताना जाते म्हणायचं नाही, येते म्हणायचं. संध्याकाळी रडायचं नाही. पाटीवर बाहुली काढली तर तिचे डोळे उघडेच काढायचे. मिटलेले काढले तर आई हातातून पेन्सिल घ्यायची. मी चाळीस ओलांडलेली बाई, मुंबईला कमर्शिअल आर्ट शिकले, पंधरा वर्षं या देशात राहतेय, सत्यनारायणाला हॉलमध्ये फोनवर बोलते, पण रिकामी चटई काढताना माझा हात आईचा हात झाला. तेव्हा मी एवढ्यावरच थांबले होते. आई, संस्कार, वगैरे. बरं वाटलं होतं त्यानं.

त्या मंगळवारी दुपारी मी तो शॉट काढला आणि पुढे-मागे, पुढे-मागे फिरवत बसले. अ‍ॅनिमेशनवाल्याला ही खोड असते, उलटा फिरवून बघायचा. उलटा फिरवला की अकिनी बसलेली असते ती डोळा चोळत आडवी होते आणि डोळे मिटते. दहाव्या-बाराव्या वेळेला माझ्या लक्षात आलं की हे कोपर मी ओळखते. मुलं उठताना दोन्ही हात टेकतात. एकच कोपर टेकवून, मान खाली ठेवून, मनगटाच्या मागच्या बाजूनं डोळा चोळत उठणारं मूल मी आयुष्यात एकच बघितलंय. माझा भाऊ मोरेश्वर. मोरू. मला घाम फुटला, अक्षरशः. शेजारच्या टेबलावरचा पोरगा म्हणाला, यू ओके? मी म्हटलं, हीटर जास्त आहे.

विदर्भातलं आरमोरी, १९७६, गणपती नुकतेच होऊन गेले होते. मी दहाची, मोरू सातचा. अण्णा, म्हणजे माझे वडील, हिवताप निरीक्षक. सरकारच्या मलेरिया खात्याचे. जंगलातल्या गावांतून सायकलीवर फिरायचे, ताप आलेल्या माणसाच्या बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचे, तिथल्या तिथे गोळ्या द्यायचे, आणि घराच्या दाराशेजारी भिंतीवर गेरूनं तारीख लिहायचे. लोक त्यांना मलेरियासाहेब म्हणत. त्यांच्या ऑफिसचं छप्पर गळायचं म्हणून गोळ्यांची पोपटी रंगाची पत्र्याची पेटी आमच्या घरी, आईच्या खाटेखाली असायची. त्या पेटीला हात लावायचा नाही. सरकारी आहे. सरकारी म्हणजे काय ते मला आठव्या वर्षी कळलं होतं. अण्णांच्या टेबलावरची लाल-निळी पेन्सिल घेऊन मी एका कोऱ्या फॉर्मच्या पाठीमागे बैल काढला होता. लाल शिंगांचा, निळा बैल. अण्णा मारत नसत. त्यांनी मला हाताला धरून ऑफिसात नेलं आणि तिथल्या कारकुनासमोर उभं केलं, की सांग यांना, मी सरकारचा कागद खराब केला. कारकून बिचारा मलाच म्हणाला, छान आहे गं बैल. पण अण्णा तिथून हलेनात, मी सांगेपर्यंत. असा माणूस. गावात त्यांच्या सचोटीचं नाव होतं आणि घरात आम्हाला तिची भीती होती. आता कोणी अण्णांबद्दल चांगलं बोललं की मी मान डोलावते आणि मला पोटातून चीड येते. दोन्ही एकदम होतं.

अण्णा चार दिवसांच्या दौऱ्यावर गेले त्याच दिवशी दुपारी मोरूला थंडी वाजायला लागली. तीन गोधड्या, वर सतरंजी, त्यावर मी बसले तरी पोरगं हलत होतं. मग ताप. आईनं कपाळावर मिठाच्या पाण्याच्या घड्या ठेवल्या. अण्णा येतील तेरवा, असं ती मला म्हणत होती, म्हणजे स्वतःलाच. शेजारच्या काकू म्हणाल्या, अहो, गोळ्या तर तुमच्याच घरी आहेत. आई म्हणाली, पेटीला कुलूप आहे, किल्ली यांच्याकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी मोरू घामानं न्हाला आणि ताप उतरला. कोपर टेकवलं, डोळा चोळला, उठून बसला आणि म्हणाला, पोहे कर. आईनं केले. मिरची नको म्हणून भांडला माझ्याशी. आईनं देवाजवळ साखर ठेवली. मी शाळेत गेले. तिसऱ्या दिवशी तो सकाळपासून मला ओळखेना. दुपारी झटके आले. अण्णा एक दिवस आधी, त्याच संध्याकाळी परत आले, चपला न काढता आत आले, खाटेखालून पेटी ओढली, गोळी कुटून गुळात कालवली, पण त्याची दातखीळ बसली होती. लाकडाच्या ट्रकमधून ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात नेताना वाटेतच. दातखीळ बसलेली असतानाही अण्णांनी त्याच्या बोटाचा थेंब काचेवर घेतला होता, नियमाप्रमाणे. तीन आठवड्यांनी त्या काचेचा रिपोर्ट टपालानं आला: मोरेश्वर, वय सात, मेंदूला जाणारा तो मलेरिया, रुग्णाला पूर्ण उपचार द्यावेत. अण्णांनी तो कागद वाचला, घडी केली आणि सायकल घेऊन दौऱ्यावर गेले.

यातलं मी विसरले नव्हते काहीच. विसरायला काय झालं? पण माझ्या डोक्यात हे सगळं ओळीनं कधी आलंच नव्हतं. मोरू म्हटलं की मला तो उठून बसलेलाच दिसायचा. ट्रक दिसायचा नाही. आणि त्या दुपारी स्क्रीनसमोर बसून मला कळलं की मी काय करून ठेवलंय. मी अकिनीला काही बरी केली नव्हती. मी फिल्म दुसऱ्या दिवशी संपवली होती. केनियातल्या गावागावांतल्या पोरांना मी पडद्यावर सांगणार होते, की थांबा, वाट बघा, पोर आपोआप उठतं. टाळ्या वाजवा. मला त्या खुर्चीत स्वतःची इतकी किळस आली की मी उठून पार्किंग लॉटमध्ये दोन चकरा मारल्या. मग परत येऊन सीरिअलच्या जाहिरातीतला वाघ रंगवला, कारण त्याचीही डेडलाइन होती.

शनिवारी एडिसनला ओक ट्री रोडवर किराणा आणायला गेलो, मी आणि माझी मुलगी केया. माझा नवरा नरेंद्र घरी लॅपटॉपवर, कुठलासा सर्व्हर पडला होता. कढीपत्ता, नाचणीचं पीठ, दोन डझन आंबे उचलले आणि किमतीमुळे परत ठेवले, मग गाडीत बसलो आणि मी किल्ली फिरवलीच नाही. समोरच्या दुकानात एक आजी नातवाच्या तोंडात कुल्फी कोंबत होत्या आणि तो तोंड फिरवत होता. केया चौदाची, कानात वायरी. थोड्या वेळानं एक वायर काढून म्हणाली, “मॉम, आर वी वेटिंग फॉर समवन?” आणि मी सांगून टाकलं. कशी सुरुवात केली आठवत नाही. बहुतेक फिल्मपासूनच. मी सांगत होते आणि ती ऐकत होती, मध्ये बोलत नव्हती, हे एक नवलच.

“वेट,” ती म्हणाली. “मला मामा होता?”

होता की. सात वर्षांचा मामा. मला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग रडू, भर ओक ट्री रोडवर. केया घाबरली, ग्लव्ह कंपार्टमेंटमधून नॅपकिन काढून देत राहिली. “व्हॉट वॉज ही लाइक?” तिनं विचारलं. एकतीस वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, “डँबिस होता. लोकांच्या सायकलींची हवा सोडायचा. दात पुढे होते. मला ताई नाही म्हणायचा, रत्नी म्हणायचा.” केया हसली. मग म्हणाली, “बट द मेडिसिन वॉज अंडर द बेड.” मी म्हटलं, कुलूप होतं. ती म्हणाली, “टिनचा बॉक्स होता ना? तोडायचा.” मी म्हटलं, “अगं, सरकारी पेटी फोडेल का तुझी आजी? तू अण्णांना बघितलं नाहीस.” “ही वॉज अ किड, मॉम,” ती म्हणाली. रागावून नाही, नुसती म्हणाली. मी गाडी सुरू केली. रूट वनवर नेहमीसारखा ट्रॅफिक होता.

आईला रविवारी सकाळी फोन करते, तिची संध्याकाळ असते. नागपूरला एकटी राहते, बहात्तर वर्षांची, स्वयंपाकाला बाई येते, अण्णा जाऊन नऊ वर्षं झाली. आमचं बोलणं ठरलेलं: जेवलीस का, गुडघा कसा आहे, केया किती वाढली, बाई कशी कामचुकार आहे. “मेली परत आली नाही आज,” आई म्हणाली. माझी आई दिवसभर हा शब्द वापरते. दूधवाला मेला, टीव्ही मेला, मिक्सर मेला. एका मोरूबद्दल तिनं तो कधी वापरला नाही. दुसरा कुठलाही वापरला नाही. आरमोरीहून बदली झाल्यावर नव्या गावात बायका विचारायच्या, एकच मुलगी का, आणि आई हो म्हणायची आणि मी शेजारी उभी असायची.

“आई,” मी म्हटलं, “मोरू मेला ना, तेव्हा…”

“असं बोलू नये गं.”

“बोलते. मेला तो. तिसऱ्या दिवशी मेला. आई, पेटी का नाही फोडलीस?”

मागे टीव्हीवर कोणीतरी बाई कोणाला तरी घराबाहेर काढत होती. तो आवाज बंद झाला. मला वाटलं फोन ठेवला हिनं.

“पेटीला कुलूप नव्हतं,” आई म्हणाली. “नुसती कडी होती. मीच सगळ्यांना कुलूप सांगितलं. नंतर ह्यांनासुद्धा तेच सांगायला लावलं. रात्रभर त्याचं अंग भाजत होतं, तर दुसऱ्या दिवशी पहाटे मी कडी काढली होती बघ. झाकणाला हात घातला होता. तेवढ्यात तो उठून बसला आणि म्हणाला, पोहे कर. मला वाटलं, उतरला. आता कशाला सरकारी गोळीला हात लावायचा. परत लावली कडी.” मग म्हणाली, “ह्यांनी मला कधी सांगितलंच नव्हतं गं, दुसऱ्या दिवशी उतरला तरी गोळी द्यायची असते. गावाला सांगत फिरायचे. मला कोण सांगणार?”

मी रडले. आई रडली नाही. मी तिला म्हटलं, तुझी काही चूक नव्हती, आणि हे खोटं आहे हे दोघींना कळलं, मग मी म्हटलं, सगळ्यांचीच होती, आणि ते जरा बरं वाटलं. मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही. अण्णांचा आला, पण तेही तिकडे जंगलात कुणाकुणाची पोरं वाचवत होते त्या तीन दिवसांत, मग रागाचं करायचं काय? आई म्हणाली, संध्याकाळी रडू नये. मी म्हटलं, इकडे सकाळ आहे. तर म्हणाली, मग रड.

सोमवारी ग्रेगच्या केबिनमध्ये जाऊन मी सरळ सांगितलं, की शेवट मी बदललाय, मुलांचा हा होता, आणि तळातलं एक्केचाळीस नंबरचं चित्र त्याच्या टेबलावर ठेवलं. त्यानं ते उचलून बघितलं. ग्रेग वाईट माणूस नाही. “रॅटना, संस्थेनं आधीचा शेवट अप्रूव्ह केलाय,” तो म्हणाला. मी म्हटलं, तो चुकीचा आहे आणि त्यानं मुलं मरतील. मेंदूचा मलेरिया, मधला दिवस, सगळं सांगितलं. मोरूचंही सांगितलं. त्यानं चष्मा काढला, पुसला, म्हणाला, आधी त्या मुलीशी बोल, आणि गुरुवारी सकाळी फोन आहे, त्याच्या आत काय करायचं ते कर. सॉफ्ट ठेव, असं म्हणणार होता बहुतेक. म्हणाला नाही.

ओटिएनो सरांच्या मोबाइलवर फोन लावला. मागे मुलांचा गलका, एक बकरी. अचिएंग आली. माझं इंग्लिश तिला जड जात होतं आणि तिचं मला, म्हणून दोघीही हळू बोलत होतो.

“तिला मी उठवलं,” मी म्हटलं. “तुझी गोष्ट बदलायचा मला अधिकार नव्हता. सॉरी. मला भाऊ होता. त्यालाही हाच ताप आला होता.”

“तो उठला?”

“एक दिवस. दुसऱ्या दिवशी उठून बसला, खायला मागितलं. नंतर मेला.”

मग ती म्हणाली, “अकिनीपण उठली होती. चहा मागितला. साखर खूप घाल म्हणाली.”

“हे तुझ्या चित्रांत नाही.”

“ती बरी झाली असं वाटून मी फुटबॉल बघायला गेले,” ती म्हणाली. “ते मी कोणाला सांगितलं नाही.” आवाज अगदी सरळ होता तिचा. “तुम्ही किती दिवस थांबलात, मॅडम?”

“तीन.”

“आम्ही चार.”

मी म्हटलं, “आता काय करू सांग. तो शॉट काढून टाकते.”

“नको,” अचिएंग म्हणाली. “तिला उठू दे. चहा पिऊ दे. आणि मग थांबू नका. पुढचे दिवस काढा.”

म्हणून मी दिवस काढले. तिच्या बॉलपेनच्या रेघेसारखी रेघ काढायला एक दुपार गेली, कारण माझा हात शिकलेला आहे आणि तिचा खरा आहे. पहिला दिवस, गोधड्या. म्हणजे तिकडच्या, खांग्यांच्या, तिथल्या बायका गुंडाळतात त्या रंगीत कापडांच्या. दुसरा दिवस, कोपर, मनगट, ऊन, चहाचा कप, वाजवा टाळ्या. तिसऱ्या दिवशी अकिनी आईकडे बघते आणि बघतच नाही. ते डोळे मला जमेनात, बुधवारी संध्याकाळी केया माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, मॉम, तू प्रत्येक वेळी तिला फोकस करायला लावतेस, डोन्ट. ते खरं होतं. चौथा दिवस म्हणजे रिकामी चटई आणि वर मच्छरदाणी. पडद्यावर चार सेकंद. अ‍ॅनिमेशनमध्ये थांबलेल्या चित्राला काम नसतं. एकच चित्र काढायचं आणि ठेवून द्यायचं. मला त्याला रात्रीचं जेवण होईपर्यंतचा वेळ लागला. नरेंद्र दोनदा बोलवायला आला, दुसऱ्यांदा आला तेव्हा मागे उभा राहिला, मग ताट तिथेच आणून दिलं.

गुरुवारी आठ वाजता परत तोच स्पीकरफोन टेबलावर. फाइल आदल्या रात्री पाठवली होती. ओटिएनो सर म्हणाले, आज खालच्या वर्गातली मुलंपण आणलीत, साठ-पासष्ट आहेत, तुम्ही नुसतं ऐका. आम्ही सातही जण फोनभोवती बसून फिल्म ऐकली. डास आला तेव्हा हसणं. गाण्यात सगळ्यांचे आवाज. मग चहाचा कप वाजला, म्हणजे अकिनी उठली, आणि तिकडे टाळ्या पडल्या, शिट्ट्याही. फिल्म चालू राहिली. टाळ्या काही जणांच्या आधी थांबल्या, काहींच्या नंतर, एक कोणीतरी एकटंच वाजवत राहिलं आणि मग तेही थांबलं. त्यानंतरची चार सेकंदं फार लांब होती. ग्रेग टेबलाकडे बघत होता. तिकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बाकी काही नाही.

मग अचिएंगचा आवाज आला. आमच्याशी नाही, मुलांशी बोलत होती, त्यांच्या भाषेत, आणि नंतर तेच इंग्लिशमध्ये, आम्हाला कळावं म्हणून.

“अकिनीला दवाखान्यात कधी न्यायला हवं होतं?”

एक बारीक आवाज म्हणाला, तिसऱ्या दिवशी. अचिएंग म्हणाली, नाही. दुसरा म्हणाला, दुसऱ्या दिवशी, ती उठल्यावर. अचिएंग म्हणाली, नाही. मग एक मुलगी, फार लहान असावी, तिला शब्द नीट येत नव्हता, ती म्हणाली, पहिल्या. आणि अचिएंगनं तिला परत म्हणायला लावलं, आणि मग सगळ्या वर्गाला, पहिल्या दिवशी, पहिल्या दिवशी, साठ-पासष्ट पोरं, फोन फाटायला आला, आणि आमच्या त्या कॉन्फरन्स रूममध्ये सात माणसांच्या देखत मीही म्हटलं, मोठ्यानं, मराठीत, पहिल्याच दिवशी रे.